रेकॉर्ड, पीक आणि ऑल-टाइम हाय

कॅम्पस सीझनमध्ये आमच्या विंगमधल्या मॉक जी.डी.त एक वाक्य हमखास ऐकू येतं : "प्राइसेस आर ऑन व्हेरी टॉप लेव्हल." अर्थ पोचतो, पण ऐकणाऱ्याला खटकतं आणि चांगला मुद्दा वाया जातो. मराठी मीडियममधून आलेली, मॅथ्समध्ये आमच्या दहा पावलं पुढे असलेली मुलं याच भीतीने जी.डी.त तोंडच उघडत नाहीत. ते बघवत नाही, म्हणून हा खटाटोप.

इंग्रजीत शब्द जोडीने राहतात. कॉन्व्हेंटमध्ये हे कुणी नियम म्हणून शिकवत नाही, ते कानावर पडून पडून बसतं. त्यामुळे "असंच का?" विचारलं की आम्हीही गप्प! पण मराठीत तरी वेगळं काय आहे? भाव कडाडतात, पारा चढतो. "पारा कडाडला" असं कुणी म्हणत नाही. आपण उच्चांक गाठतो, नोंदवतो नाहीतर मोडतो. तसंच तिकडे रेकॉर्ड 'सेट' किंवा 'ब्रेक' करतात, आणि 'रेकॉर्ड हाय' 'हिट' किंवा 'रीच' करतात. भाव असतात 'ॲट अ रेकॉर्ड हाय'. आपल्या 'वर'मुळे तिथे 'ऑन' घुसतो, तो काढा. आणि आपला लाडका 'रेकॉर्डब्रेक पाऊस' म्हणजे 'रेकॉर्ड-ब्रेकिंग रेन', किंवा सरळ 'रेकॉर्ड रेनफॉल'.

इथपर्यंत पाठांतर. खरी गंमत पुढे आहे, कारण प्रत्येक जोडी एक दावा करते आणि पॅनेल नेमकं त्यावरच बोट ठेवतं.

२६ जुलै २००५ घ्या. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिमीसुद्धा नव्हता. म्हणजे 'रेकॉर्ड रेनफॉल ॲट सांताक्रूझ' बरोबर, पण अख्ख्या मुंबईला तो आकडा चिकटवू नका. 'इंडियाज हायेस्ट एव्हर' तर नाहीच. चेरापुंजीत जून १९९५ मध्ये एका दिवसात १५६३ मिमी पडला होता.

'पीक' हा शब्द तर घाईघाईत वापरायचाच नाही. ११ जुलै २००८ ला अमेरिकन क्रूड ऑइल बॅरलला १४७ डॉलरच्या वर गेलं. त्या दिवशी म्हणता येत होतं 'हिट अ रेकॉर्ड हाय', बस. डिसेंबरात भाव ४० च्या खाली आल्यावर मग 'ऑइल पीक्ड इन जुलै' म्हणायचं. उतार दिसल्याशिवाय शिखर कसं कळणार? आपल्या ग्राफचंही तेच. कर्व्ह अजून चढताच असेल तर रिपोर्टमध्ये 'पीक व्हॅल्यू' लिहू नका.

'रेकॉर्ड' म्हणजे शेवटी नोंद. हवाईमधल्या मौना लोआवर कार्बन डायऑक्साइडची नोंद १९५८ पासून आहे. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो साधारण ३१५ भाग होता. मे २०१३ मध्ये तो ४०० ला पोचला. हा 'रेकॉर्ड हाय' नक्कीच. पण 'ऑल-टाइम हाय' म्हणाल तर फसाल, कारण डायनोसॉरच्या काळात तो याहून बराच जास्त होता. 'सिन्स मेझरमेंट्स बिगॅन' एवढी शेपटी जोडली की कुणी हलवू शकत नाही. 'अनप्रेसिडेंटेड' हा तर वर्तमानपत्रांचा शब्द. तुम्ही जरा जपूनच.

जाता जाता एक छोटासा खड्डा. वरच्याच आकड्यांत 'रोज टू ४००' आणि 'रोज बाय ८५' दोन्ही बरोबर. 'रोज बाय ४००' लिहिलंत तर बेरीज ७१५ होते, आणि गाईड सर शेजारी लाल पेनने तेवढंच लिहून रिपोर्ट परत देतात.