चवळीला कोरड कशी कळते?



आमच्या घरामागच्या शेतात भात कापून झाल्यावर चवळी पेरतात. जमिनीत उरलेल्या अंगओलीवर ती वाढते. यंदा कडेच्या दोन ओळी मी अभ्यासासाठी मागून घेतल्या.

जानेवारीतल्या एका रविवारी भर दुपारी आजी पडवीतून ओरडली, "अगो, चवळीन मान टाकलान! घाल जरा पानी." विहीर आमच्या घरापासून बरीच खाली आहे. दोन हंडे वर आणून ओतेपर्यंत माझा जीव मेटाकुटीला आला. दुसऱ्या दिवशी गुरुजींना सांगितले, तर ते म्हणाले, "पाने लोंबत होती की उभी होती? आणि सकाळी कशी होती?" मला सांगता येईना. कारण मी नीट पाहिलेच नव्हते.

मग पाहिले. भर उन्हात चवळीची पाने लोंबत नव्हती. ती सूर्याकडे कड करून उभी राहिली होती, म्हणजे ऊन पानाच्या पाठीपोटावर न पडता कडेवरून जात होते. पान हाताला ताठ लागत होते. संध्याकाळी तीच पाने पुन्हा आडवी झाली. पानाच्या बुडाशी एक जाडसर सांधा असतो. त्यातले पाणी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेले की पान वळते. असाच सांधा लाजाळूला असतो. लाजाळू झटकन मिटते म्हणून आपण तिला हात लावत बसतो, चवळी सावकाश वळते म्हणून तिच्याकडे कुणी पाहत नाही.

पुढे आम्ही वर्गात एक प्रयोग केला. दोन डब्यांत सारखी माती भरून एकेक चवळी लावली. रोपे मोठी झाल्यावर एका डब्याला रोज पाणी घातले, दुसऱ्याचे तोडले. चौथ्या दिवशी दोन्हीकडच्या एकेका पानावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून डबे दोन तास उन्हात ठेवले. दिसायला दोन्ही रोपे सारखीच टवटवीत होती. पण पाणी घातलेल्या रोपाच्या पिशवीत थेंब ओघळत होते आणि दुसऱ्या पिशवीत नुसती वाफ धरली होती.

म्हणजे रोप सुकलेले दिसण्याच्या आधीच त्याने पाणी वाचवायला सुरुवात केली होती. पानावर बारीक छिद्रे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात हे आपण शिकलो आहोत. प्रत्येक छिद्राला ओठांसारख्या दोन पेशी असतात. त्या पाण्याने फुगल्या की छिद्र उघडते, सैल पडल्या की मिटते. मिटले की पाणी वाचते, पण हवेतला कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही आणि अन्न तयार करण्याचे काम मंदावते. रोपाला हा सौदा काही फुकट पडत नाही.

आता खरा प्रश्न असा की पानात अजून पाणी आहे, मग माती कोरडी पडते आहे हे पानाला सांगितले कुणी? गंमत म्हणजे हे शोधण्याचे एक महत्त्वाचे काम चवळीवरच झाले आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात बेट्स आणि हॉल या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये दाखवले की माती सुकू लागली की चवळीची छिद्रे मिटू लागतात, पण पानातल्या पाण्यात तोपर्यंत फारसा फरक पडलेला नसतो.

निरोप मुळांकडून येत असावा असा तर्क निघाला. तो पडताळण्याचा एक प्रयोग मला फार आवडला. इंग्लंडात १९९० साली डेव्हिस आणि त्यांच्या सोबत्यांनी सफरचंदाची लहान झाडे घेतली. प्रत्येक झाडाची अर्धी मुळे एका कुंडीत आणि अर्धी दुसऱ्या कुंडीत. एका कुंडीला पाणी दिले, दुसरी सुकू दिली. ओल्या कुंडीतून झाडाला पाणी मिळत होते, तरी पानांची वाढ मंदावली. मग त्यांनी काही झाडांची कोरड्या कुंडीतली मुळे चक्क कापून टाकली. आणि पाने पुन्हा वाढू लागली! नुसते पाणी कमी पडत असते, तर मुळे कापून वाढ सुधारली नसती. याचा अर्थ कोरड्या मातीतली मुळे "जपून राहा" असा निरोप वर धाडत होती.

हा निरोप पोचला की झाडात ॲब्सिसिक आम्ल नावाचे द्रव्य वाढते आणि त्याने छिद्रे मिटतात. हे द्रव्य १९६० नंतरच्या दशकात सापडले. पुढे २०१८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात आणखी एक निरोप्या शोधला. तो मुळात तयार होणारा प्रथिनाचा लहानसा तुकडा आहे. तो पानापर्यंत चढतो आणि तिथे ते आम्ल तयार करायला लावतो. २०२३ मध्ये तर इस्रायलमधल्या तेल अवीव विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी तहानलेल्या टोमॅटोच्या झाडांचे टिकटिक आवाज यंत्राने टिपले. आपल्या कानांना ते ऐकू येत नाहीत. झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत हवेचे बुडबुडे फुटून ते होत असावेत. आजीला हे सांगितले तर ती म्हणाली, "मंग, मी काय सांगत व्हते?"

आपल्याकडे लांज्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण जांभ्यातून पाणी झरझर निथळते आणि मार्चपासून कळशी-हंड्यांची ओढाताण सुरू होते. मागच्या उन्हाळ्यात आमच्या काजूच्या बारा कलमांपैकी पाच वाळली. आई रोज दुपारी पाने पाहून प्रत्येकाच्या बुंध्याशी तांब्याभर पाणी घालायची. तापलेल्या जमिनीत ते वरच्या वरच जिरून उडायचे, खालची मुळे कोरडीच राहायची. पाणी वरच मिळत गेले की मुळेही वरच राहतात. यंदा आम्ही दर चौथ्या दिवशी संध्याकाळी कलमाला कळशीभर पाणी देतो आणि बुंध्याभोवती पातेरा पसरतो. पाने दुपारी नव्हे, सूर्य उगवताना पाहतो. रात्रभरात रोप सावरलेले नसेल, तरच ते खरे तहानलेले समजायचे. उरलेली सात कलमे आज लिहीपर्यंत हिरवी आहेत.

आमचे डबे खिडकीत ठेवले आहेत. कोरड्या डब्याला आम्ही गुरुवारी पाणी दिले. शुक्रवारी पान ताठ होते, पण पिशवीत थेंब फारसे नव्हते. रोपाने दार लगेच उघडले नाही. शनिवारी दोन्ही पिशव्यांत सारखे थेंब दिसले.