गंजलेल्या जुन्या मोटारीचा दाम कसा ठरवावा?

चितेगावच्या एका पत्रेकाम करणाऱ्या तरुण कारागिराने मध्यंतरी आमच्याकडे एक विचारणा केली. शहरातील एका जुन्या वाड्यात दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड मोटार वीस वर्षांपासून उभी होती. मालक तिला 'स्पोर्ट्स कार' म्हणत होता आणि ८० हजार रुपये मागत होता. तरुणाने घरच्या साठवणीतले पैसे काढायची तयारी केली होती. पैठण रस्त्यावर कारखाने आल्यापासून चितेगावात वेल्डिंग, लेथ आणि पत्रेकामाचे चांगले हात तयार झाले. ज्या व्हिडिओकॉनमुळे या गावाचे नाव घरोघरी गेले ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तेव्हापासून अनेक कारागीर दुसऱ्या कामाच्या शोधात आहेत. जुन्या मोटारी दुरुस्त करून विकणे हा त्यातला एक मार्ग आहे. या धंद्यात नफा होतो तो गाडी घेतानाच, विकताना नव्हे. म्हणून घेण्याआधी काय पाहावे ते येथे देत आहोत.

प्रथम 'स्पोर्ट्स कार' या शब्दाविषयी. हेराल्ड ही मूळची इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीची १९५९ सालची मोटार. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने ती आपल्याकडे १९६१ पासून बनवली. तिच्याच चेसिसची लांबी कमी करून ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर ही खरी दोन आसनी स्पोर्ट्स कार काढली. म्हणजे नाते खरे आहे, पण नात्याचे पैसे मोजायचे नसतात. मुलीचे स्थळ पाहताना मामाची इस्टेट धरत नाहीत, तसेच हे आहे.

आता गंज. बहुतेक जण आधी इंजिन चालू करून पाहतात. ही मोठी चूक आहे. बंद पडलेले इंजिन खोलता येते, पिस्टन, रिंगा, बेअरिंग बदलता येतात, आणि त्याचा खर्च मिस्त्री आधी सांगू शकतो. कुजलेल्या पत्र्याचा खर्च मात्र कापून पाहिल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. म्हणून मोटारीचा दाम तिच्या पत्र्यात आहे असे समजावे आणि बोनेट उघडण्याआधी जमिनीवर आडवे होऊन खालून पाहावे.

गाडीची बांधणी कोणती हे आधी ओळखावे. फियाट ११०० आणि तिचीच पुढची प्रीमियर पद्मिनी यांना वेगळी चेसिस नाही. तळाचा पत्रा, दाराखालची पोकळ पट्टी आणि बॉडी मिळून सगळा भार पेलतात. अशा गाडीच्या दाराखालची पट्टी कुजली असेल तर गाडीचे कंबरडेच मोडले. जॅक लावून एक बाजू उचलावी आणि दार उघडून पुन्हा लावून पाहावे. दार अडू लागले किंवा दाराभोवतीची फट वरून रुंद, खालून अरुंद झाली तर सांगाडा वाकतो आहे. बिनटपाच्या गाडीत तर वरचा आधारही नसतो, तेव्हा दुप्पट काळजी घ्यावी. हेराल्डचे उलट आहे. तिला खाली स्वतंत्र चेसिस आहे आणि बॉडीचे भाग बोल्टने बसवलेले आहेत. बोनेट व पुढची दोन्ही मडगार्डे एकाच तुकड्यात पुढे उलटतात. दाराखालची पट्टी गेली तरी ती नवी बसवता येते. पण चेसिसमधून बाहेर निघून बॉडीला धरणारे आडवे हात कुजले असतील तर काम बरेच वाढते. चितेगावच्या तरुणाने पट्टीला बोट लावून भोक पडलेले पाहिले आणि घाबरला. मागचे आडवे हात मात्र त्याने पाहिलेच नव्हते. खरा खर्च तेथे होता.

सोबत एक लहान लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून न्यावा. मडगार्डाच्या कडेवर, दाराच्या खालच्या भागात तो नीट चिकटला नाही तर आत लांबी भरलेली आहे. लांबीचा थर जाड असला की रंग चकचकीत दिसतो आणि एका पावसाळ्यात फुगतो. मालकाची परवानगी घेऊन स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने तळाचा पत्रा वाजवावा. चांगला पत्रा खणखणतो, कुजका बद्द आवाज देतो. पापुद्रे सुटलेला जाड गंज पाहून मात्र लगेच घाबरू नये. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, त्यामुळे वर ढीग दिसला तरी खाली पत्रा शिल्लक असू शकतो. तारेच्या ब्रशने घासून पाहावे. दोन पत्र्यांच्या जोडात गंज शिरून जोड फुगले असतील तर तो आजार खोल आहे.

गाडीने आयुष्य कोठे काढले हेही विचारावे. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत राहिलेली गाडी आतून, पोकळ भागांत कुजते. बाहेरून कळत नाही. आपल्या मराठवाड्याच्या कोरड्या हवेत उभी राहिलेली गाडी तुलनेने वाचते. तिचा गंज चिखल अडकतो तेथे, बॅटरीच्या खाली आणि उंदरांनी घर केलेल्या जागी शोधावा.

सुटे भाग थोडक्यात सांगतो. इंजिनाचे भाग मिळतात किंवा लेथवर बनतात. पुढची काच, दिव्यांच्या कडा, क्रोमच्या पट्ट्या, कंपनीची नावे आणि हँडल हे शोधता शोधता वर्ष जाते. जे नाही त्याची यादी जागेवरच लिहावी.

आता हिशेब. तो उलटा करावा, म्हणजे तयार गाडीच्या दामापासून मागे यावे. समजा तयार गाडी ३ लाखांना जाईल. पत्रेकामाचे ४० दिवस, रोज १ हजार, म्हणजे ४० हजार. पत्रा व गॅस २० हजार, रंग ५० हजार, इंजिन व ब्रेक ४५ हजार, हरवलेले भाग ३५ हजार, कागदपत्रे २० हजार. एकूण २ लाख १० हजार. जुन्या गाडीत न दिसलेले काम निघतेच, त्यासाठी चौथाई, म्हणजे ५२ हजार ५०० धरावेत. हातात उरले ३७ हजार ५००, आणि यातूनच गाडीची किंमत व आपला नफा दोन्ही निघायचे आहेत! हीच गाडी पत्र्याने चांगली असती, १० दिवसांत आणि ५ हजारांच्या पत्र्यात भागले असते, तर याच पद्धतीने सुमारे ९४ हजार उरले असते. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. आपले आकडे आपण घालावेत. एक गोष्ट मात्र सोडू नये. आमचे कारागीर स्वतःची मजुरी हिशेबात धरत नाहीत. 'हात माझेच आहेत' म्हणतात. ते ४० दिवस दुसऱ्याच्या कामावर गेले असते तर घरात पैसा आला असता, हे विसरतात.

खालची मर्यादा भंगाराची. हेराल्डचे वजन ८०० किलोच्या आसपास आहे, त्यात दोन-तृतीयांश लोखंड धरावे. किलोला ३० रुपये भाव धरला तर सुमारे १६ हजार होतात. आपला सौदा या दोन आकड्यांच्या मध्ये बसला पाहिजे.

कागदपत्रांत फसगत सर्वाधिक होते. चेसिस व इंजिनचे नंबर नोंदणी पुस्तकाशी स्वतः ताडून पाहावेत. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने वेगळे नियम केले. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये असून ती १० वर्षे चालते. मात्र चेसिस, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे कारागिराने उत्साहाने दुसरे इंजिन बसवले तर गाडीचा हा मान जातो. शिवाय या नोंदणीवर धंद्यासाठी गाडी चालवता येत नाही. लग्नाच्या वरातीला भाड्याने देण्याचा बेत असेल त्याने हे आधी ध्यानात घ्यावे.

मूळ मालक वारला असेल तर नमुना ३१ भरून वारसाच्या नावे नोंद होते. पण आरटीओचा कागद झाला म्हणजे शरीअतचा हक्क फिटला असे नाही. वारशात मुलींचाही हिस्सा आहे. एका भावाने बहिणींना न विचारता विकलेली गाडी घेणे म्हणजे त्यांच्या हिश्श्यावर हात टाकणे होय. सर्व वारसांची संमती लेखी घ्यावी.

सौद्याच्या अटींविषयी हनफी फिक्हमध्ये कारागिराच्या फार उपयोगाच्या गोष्टी आहेत. न पाहिलेली वस्तू घेतली तर पाहिल्यावर सौदा मोडण्याचा अधिकार खरेदीदाराला असतो. आज फोनवर फोटो पाहून पैसे पाठवतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. सौदा करतानाच तीन दिवसांपर्यंत पसंती-नापसंतीची मुदत ठरवून घेता येते. तेवढ्यात जाणकाराला गाडी दाखवावी. सौदा मोडला तर बयाना परत करावा, तो जप्त करणे योग्य नाही. पण विकणाऱ्याने 'जशी आहे तशी, सर्व दोषांसह' असे सांगितले आणि आपण ते मान्य केले तर नंतर दोषासाठी गाडी परत करता येत नाही. १९३० चा वस्तुविक्री कायदाही असेच म्हणतो की, आपण तपासणी केली असेल आणि तपासणीत दिसायला हवा होता असा दोष राहून गेला, तर त्याबद्दल तक्रार चालत नाही.

तयार गाडी विकताना हेच नियम आपल्यावर उलटतात. ह. इमाम अबू हनीफा (रह.) कूफ्यात कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने दोष न सांगता एक कापड विकले, तेव्हा त्याची रक्कम त्यांनी दान करून टाकली, असे त्यांच्या चरित्रात येते. आपण लांबी कोठे भरली, कोणता पत्रा जोडला याचे फोटो ठेवून ग्राहकाला दाखवावेत. जाणकार ग्राहक अशा गाडीला उलट जास्त दाम देतो.

भांडवल नसेल तर व्याजाने पैसे काढू नयेत. एकाचा पैसा, दुसऱ्याचे हात अशी मुदारबा करता येते. नफ्याचा वाटा, निम्मा किंवा तिसरा, आधी ठरवावा. तोटा आला तर पैसेवाल्याचा पैसा जातो आणि कारागिराची मेहनत जाते; कारागिराच्या चुकीने नुकसान झाले तरच भरपाई त्याने द्यावी. दर महिन्याला ठराविक रक्कम नफा म्हणून देण्याची अट घातली की ती मुदारबा राहत नाही.

चितेगावच्या तरुणाने पुन्हा जाऊन गाडीखाली आडवे होऊन पाहिले. दोन आडवे हात कुजलेले निघाले, पण चेसिसचे मुख्य दांडे खणखणीत होते आणि सर्व काचा जागेवर होत्या. त्याने २२ हजार सांगितले. मालक रागावला, मग आठ दिवसांनी स्वतःच फोन करून २६ हजारांवर आला. त्याच्या दोन बहिणींच्या सह्या मिळेपर्यंत गाडी वाड्यातच उभी आहे.