किमान वेतनातील वाढ आणि तरुणांची पहिली नोकरी

किमान वेतनाचे दर वाढविण्याचा प्रस्ताव कोणत्याही देशाच्या विधिमंडळापुढे आला की एक आक्षेप हमखास घेतला जातो. वेतन वाढले तर मालक माणसे कमी करतील, आणि कमी करताना सर्वांत आधी नव्या, अननुभवी तरुणाला दार दाखवतील. हा आक्षेप घेणारे सारेच मालकवर्गाचे कैवारी असतात असे नाही. ज्याच्या हिताकरिता कायदा करावयाचा त्याच्याच हातचे काम जाणार असेल तर त्या कायद्याचा उपयोग काय, ही शंका अगदी प्रामाणिकही असू शकते. शाखेत लघुउद्योगांचे कर्जप्रस्ताव तपासणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांना या शंकेचे मूळ चटकन उमगेल. एखाद्या छोट्या उपाहारगृहाच्या अंदाजपत्रकात मजुरीचा आकडा हलला की खालच्या ओळीतील नफ्याचा आकडाही हलतो. प्रश्न असा की, नफ्याबरोबर नोकरांची संख्याही हलते काय?

पाठ्यपुस्तकातील उत्तर सरळ आहे. वस्तू महाग झाली की तिची मागणी घटते. श्रम हीदेखील बाजारात विकली जाणारी वस्तू मानली तर तिलाही हाच नियम लागू व्हावयास हवा. अमेरिकेत १९३८ च्या कायद्याने ताशी २५ सेंट असे किमान वेतन प्रथम देशपातळीवर ठरले. १९४६ मध्ये जॉर्ज स्टिगलर यांनी या धोरणावर टीका करताना हाच युक्तिवाद मांडला होता. पुढे ब्राउन, गिलरॉय आणि कोहेन या तिघांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन १९८२ मध्ये असा निष्कर्ष काढला की, किमान वेतन १० टक्क्यांनी वाढले तर किशोरवयीनांचा रोजगार १ ते ३ टक्क्यांनी घटतो. भीती वाटावी तेवढा हा आकडा मोठा नव्हता. परंतु दिशा तीच होती, आणि जवळजवळ दहा वर्षे बहुतेक अर्थशास्त्रज्ञ त्यावर समाधानी होते.

न्यू जर्सीतील प्रयोग

१ एप्रिल १९९२ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने आपले किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले, म्हणजे सुमारे १९ टक्के वाढ. शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात मात्र जुनाच ४.२५ चा दर कायम राहिला. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ही संधी हेरली. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियाचा पूर्वेकडील भाग मिळून ४१० फास्ट फूड उपाहारगृहांची त्यांनी दोनदा पाहणी केली. पहिली वाढीच्या आधी, तर दुसरी त्याच वर्षाच्या अखेरीस. उपाहारगृहे निवडण्याचे कारण उघड होते. तेथे कमी वेतनावर तरुण मुलेमुली मोठ्या संख्येने काम करतात, आणि पदार्थ व कामाची पद्धत सगळीकडे सारखीच असल्यामुळे तुलना करणे सोपे जाते.

त्यांची रीत समजून घेण्याजोगी आहे. दोन अर्धवेळ कामगार म्हणजे एक पूर्णवेळ, अशा हिशेबाने न्यू जर्सीत वाढीपूर्वी दर उपाहारगृहामागे सरासरी २०.४४ कामगार होते. वाढीनंतर ते २१.०३ झाले. पेनसिल्व्हेनियात हीच संख्या २३.३३ वरून २१.१७ वर आली. मंदीचा काळ होता, त्यामुळे ही घट आश्चर्याची नव्हती. वेतन वाढले नसते तर न्यू जर्सीतही साधारण अशीच घट झाली असती असे मानले, तर वेतनवाढीचा परिणाम म्हणजे या दोन बदलांतील फरक. एकीकडे ०.५९ ची वाढ आणि दुसरीकडे २.१६ ची घट. म्हणजे दर उपाहारगृहामागे पावणेतीन कामगार अधिक! घट तर नाहीच, उलट थोडी वाढ.

१९९४ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला आणि अर्थशास्त्राच्या जगात खळबळ उडाली. न्यूमार्क आणि वॉशर यांनी उपाहारगृहांच्या वेतनपटांच्या नोंदी मिळवून तेच गणित पुन्हा मांडले आणि २००० साली रोजगार घटल्याचा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी कार्ड व क्रूगर यांनी सरकारी नोंदींच्या आधारे उत्तर दिले. दूरध्वनीवरून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे कितपत काटेकोर असतात हा आक्षेप रास्त होता. परंतु मोठी पडझड झाली नाही, एवढे मात्र या वादातूनही टिकून राहिले. क्रूगर २०१९ मध्ये निवर्तले. कार्ड यांना २०२१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

मग मागणीचा नियम खोटा ठरला काय? नाही. त्या नियमामागची गृहीतके येथे पूर्णांशाने लागू पडत नाहीत, इतकेच. वांगी महाग झाली तर आपण दोडकी घेतो. पण काउंटरवर उभ्या असणाऱ्या मुलाच्या जागी मालक काय ठेवणार? शिवाय कमी वेतनाच्या नोकरीत मुले टिकत नाहीत, जागा सतत रिकाम्या राहतात आणि नव्यांना पुनःपुन्हा शिकवावे लागते. परिसरात काम देणारे मोजकेच असतील तर मालकाला वेतन दाबून ठेवता येते. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्येच खरेदीदाराच्या या मक्तेदारीचे विवेचन केले होते. अशा ठिकाणी वेतन थोडे वाढविले तर जागा भरतात. उरलेला भार काही प्रमाणात ग्राहकावर पडतो. न्यू जर्सीतील उपाहारगृहांत खाद्यपदार्थांचे दर शेजारच्या राज्यापेक्षा सुमारे ४ टक्क्यांनी अधिक वाढल्याचे त्याच पाहणीत दिसले. सर्वच स्पर्धकांवर सारखा बोजा पडल्याने कोणालाही दर वाढविताना गिऱ्हाईक शेजारी जाईल ही भीती नव्हती.

अठरावा वाढदिवस

येथवरचे विवेचन वाचून निश्चिंत होणाऱ्यांनी डेन्मार्ककडे पाहावे. त्या देशात किमान वेतनाचा कायदा नाही. कामगार संघटना आणि मालकांचे संघ यांच्यातील करारांनी दर ठरतात, आणि त्यांत अठरा वर्षांखालील मुलांसाठी वेगळा, बराच कमी दर असतो. क्राइनर, रेक आणि स्कोव्ह यांचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास दरमहाच्या वेतननोंदींवर आधारलेला आहे. मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याचे ताशी वेतन सरासरी ४० टक्क्यांनी उडी घेते. आणि त्याच सुमारास त्या वयोगटातील रोजगार ३३ टक्क्यांनी कोसळतो. एकूण कामाचे तास तर ४५ टक्क्यांनी घटतात. परिणामी त्या वयोगटाला मिळणारी वेतनाची एकूण रक्कम जवळजवळ पूर्वीइतकीच राहते.

या शेवटच्या वाक्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. सरासरी पाहिली तर कोणाचेच काही बिघडले नाही. पण सरासरीच्या आत दोन मुले आहेत. एकाच्या हातात अधिक पैसे आले, दुसऱ्याला वाढदिवसाच्या महिन्यात घरी बसावे लागले. काल त्याला जमत असलेले काम आज जमत नाही असे काही घडलेले नाही. घडले एवढेच की, त्याच कामासाठी सतरा वर्षांचा दुसरा मुलगा कमी वेतनात उपलब्ध आहे. न्यू जर्सीत मालकाला असा स्वस्त पर्याय नव्हता. प्रस्तुत लेखकाच्या मते साऱ्या वादाचा गाभा येथेच आहे. वाढ किती यापेक्षा ती कोणाकोणाला एकाच वेळी लागू होते, यावर तरुणांचे काम राहणार की जाणार हे अधिक अवलंबून असते.

न्यूझीलंडचा अनुभवही याच्याशी जुळतो. तेथे सोळा ते एकोणीस वयाच्या मुलांसाठी प्रौढांच्या ६० टक्के एवढाच किमान दर होता. २००१ मध्ये अठरा व एकोणीस वर्षांच्या मुलांना थेट प्रौढांचा दर लागू झाला. त्यांच्यापुरती ही वाढ ६९ टक्क्यांची ठरली! सोळा-सतरा वर्षांच्यांचा दरही टप्प्याटप्प्याने प्रौढांच्या ८० टक्क्यांपर्यंत नेण्यात आला, म्हणजे लहान-मोठ्यांतील दरी रुंद होऊ दिली नाही. हिस्लॉप आणि स्टिलमन यांना २००४ मध्ये या वाढीमुळे तरुणांचा रोजगार घटल्याचा भक्कम पुरावा आढळला नाही. मात्र शिक्षणसंस्थांतील नावनोंदणी काहीशी कमी झाल्याचे त्यांना दिसले. चांगले वेतन मिळू लागल्यावर वर्ग सोडून कामाला जाणारा मुलगा रोजगाराच्या आकडेवारीत यश म्हणून मोजला जातो, हे विसरून चालणार नाही.

ब्रिटनने एप्रिल १९९९ मध्ये प्रौढांसाठी ३.६० पौंड आणि १८ ते २१ वयाच्यांसाठी ३ पौंड असे दोन दर ठेवूनच सुरुवात केली. तेथील आयोग दरवर्षी दर सुचवितो, आणि अलीकडे ही दरी बुजविण्याकडे कल आहे. एप्रिल २०२६ पासून २१ वर्षे व त्यावरील कामगारांना १२.७१ पौंड, १८ ते २० वयाच्यांना १०.८५, आणि त्याहून लहानांना ८ पौंड असे दर आहेत. जाणकारांच्या लक्षात येईल की मोठी पायरी आता एकविसाव्या नव्हे, तर अठराव्या वाढदिवशी आहे.

आपल्याकडील पायरी

भारतात १९४८ च्या किमान वेतन अधिनियमात प्रौढ, किशोर, बालक आणि शिकाऊ उमेदवार यांच्यासाठी वेगवेगळे दर ठरविण्यास मुभा होती. त्याची जागा घेणारी २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून तिच्यात दर ठरविताना कौशल्य आणि प्रदेश यांना महत्त्व आहे. परंतु आपल्याकडील खरी पायरी वयाची नसून नोंदीची आहे. एका दुकानात हजेरीपट आहे आणि वेतन खात्यात जमा होते. लगतच्या दुकानात रोखीचा व्यवहार आणि कागद कोराच. दर वाढला की पहिल्याच्या खर्चात वाढ होते, दुसऱ्याच्या होत नाही. न्यू जर्सीतील मालकांना मिळालेली समान भाराची सोय पहिल्याला मिळत नाही. आणि पहिल्याने कमी केलेला तरुण दुसऱ्याकडे कमी पैशांत उभा राहिला, तर त्याची नोंद कोणत्याच पाहणीत सहजासहजी होत नाही. तेव्हा एखादा खातेदार वेतनवाढीचे कारण सांगून खेळत्या भांडवलाची वाढीव मर्यादा मागू लागला, तर त्याच्या मजुरीच्या आकड्याबरोबरच त्याच्या शेजाऱ्याच्या हजेरीपटाचीही चौकशी करणे योग्य ठरेल.