एकच तार सगळ्यांना कशी चालेल? : इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचा घरगुती प्रयोग



आजचा लेख नेहमीच्या पाठापेक्षा थोडा वेगळा आहे. विषय आहे इलेक्ट्रिक गिटारच्या तारा. "गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेत गिटार कुठून आली?" असं कुणी विचारेल. शाळेत नाही, ती आमच्या घरी आली. पण तिच्यामुळे जे शिकायला मिळालं, ते मी वर्गात घेऊन गेलो. ध्वनी, मापन आणि वर्ग-वर्गमूळ हे तीन घटक या एका प्रयोगात बसतात. आणि माझी स्वतःची एक चूकही यात आहे, ती आधी सांगतो.

सुरुवात कशी झाली

माझी लेक पाचवीत आहे. तिच्या मामाने त्याची जुनी इलेक्ट्रिक गिटार तिला दिली. पहिला आठवडा नुसता उत्साह. दुसऱ्या आठवड्यात बोटं दाखवून म्हणाली, "बाबा, दुखतंय." मी शिक्षकी थाटात सांगितलं, "सराव कर, घट्टे पडले की दुखायचं थांबेल." तिसऱ्या आठवड्यात गिटार कपाटामागे गेली. विचारलं तर म्हणाली, "मला जमतच नाही. माझी बोटंच तशी नाहीत."

हे वाक्य मला लागलं, कारण वर्गात मी ते अनेकदा ऐकलंय. "मला गणित येतच नाही," "माझं अक्षरच तसं आहे." आणि दरवेळी माझं उत्तर ठरलेलं असतं, सराव कर.

मग एका रविवारी गिटार बाहेर काढली आणि मीच पहिली तार दाबून पाहिली. माझ्याही बोटाला रेघ उठली. तारा काळ्या पडलेल्या, हात फिरवला तर खरखरीत. तेव्हा पहिल्यांदा शंका आली, की दोष बोटांचा नसून तारांचा असेल तर?

गेज म्हणजे काय?

गिटारच्या तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. तिला गेज म्हणतात. '९ चा सेट' म्हणजे ज्यातली सर्वांत बारीक, म्हणजे पहिली तार ०.००९ इंच जाडीची आहे असा सहा तारांचा संच. पाकिटावर ९-४२, १०-४६, ११-४९ असे दोन आकडे असतात. पहिला आकडा सर्वांत बारीक तारेचा, दुसरा सर्वांत जाड तारेचा. १०-४६ मधल्या सहा तारा सहसा १०, १३, १७, २६, ३६ आणि ४६ अशा असतात. पहिल्या तीन साध्या पोलादी, उरलेल्या तीन वेढ्याच्या, म्हणजे पोलादी गाभ्यावर दुसरी तार गुंडाळलेली.

आमच्या गिटारवर कोणता सेट होता ते कुणालाच माहीत नव्हतं. मामाने दुकानदाराने दिला तो लावला होता. मग मापनाचा तास घरीच झाला. पट्टीने काही कळेना. व्हर्नियर कॅलिपरचं लघुतम माप ०.१ मिलिमीटर, तोही अपुरा. शेवटी हायस्कूलच्या प्रयोगशाळेतून स्क्रू गेज मागून आणला. त्याचं लघुतम माप ०.०१ मिलिमीटर. पहिली तार भरली ०.२८ मिलिमीटर, म्हणजे ०.०११ इंच. सेट ११ चा होता! मोजायच्या वस्तूप्रमाणे साधन निवडायचं असतं, हे यापेक्षा चांगलं कसं शिकवणार?

एवढ्याशा फरकाने काय होतं?

९ आणि ११ यांतला फरक इंचाच्या हजाराव्या भागाचे फक्त दोन भाग. केसाएवढाही नाही. मग बोटाला एवढा फरक का पडावा?

याचं उत्तर फ्रान्सच्या मारँ मर्सेन यांनी १६३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आहे. ताणलेल्या तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो : लांबी, ताण आणि तारेचं दर लांबीमागचं वजन. गिटारवर लांबी ठरलेली आहे. आमच्या गिटारवर ती २५.५ इंच आहे. सूरही ठरलेला आहे. पहिली तार सेकंदाला साधारण ३३० कंपनांच्या सुरात लावायची. मग तार जाड घेतली की वजन वाढतं आणि तोच सूर मिळवायला ताणही तितक्याच पटीने वाढवावा लागतो. एकाच धातूच्या साध्या तारेचं वजन जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतं.

लेकीला वहीत मांडायला सांगितलं :

९ चा वर्ग ८१
१० चा वर्ग १००
११ चा वर्ग १२१

म्हणजे ११ ची तार काढून ९ ची लावली, तर ताण १२१ वरून ८१ वर येतो. जवळजवळ एक तृतीयांश कमी! किलोमध्ये सांगायचं तर पहिल्या तारेवर ११ ला साधारण ८.९, १० ला ७.३ आणि ९ ला ६ किलो वजनाएवढा ताण. सहाही तारांचा मिळून १०-४६ ला सुमारे ४७ किलो आणि ९-४२ ला सुमारे ३८ किलो. तेवढा भार ती लाकडी मान रात्रंदिवस सोसत असते. हे ऐकून लेक म्हणाली, "आणि माझं वजन एकतीस!"

आमचा प्रयोग

आता बाजारात जाऊन सरळ ९ चा सेट आणला असता तर गोष्ट संपली असती. पण मी म्हटलं, नीट करू. "तारा बदलल्या तर आपल्याला कसं कळणार की फरक जाडीचा आहे?" यावर तिनेच उत्तर दिलं, "आधीच्या जुन्या पण होत्या ना बाबा. गंजलेल्या." अगदी बरोबर! म्हणून पहिला सेट नवा कोरा, पण ११ चाच आणला. जुनी-नवी हा फरक तिथे संपला.

एकूण चार सेट आणले : डॅडारिओचे ११-४९, १०-४६ आणि ९-४२ आणि अर्नी बॉलचा ९-४२. सगळे निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादी वेढ्याचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम. गिटार तीच, प्लेक्ट्रम तीच, तारांची उंची शक्यतो तीच, रोजचा धडा तोच. प्रत्येक सेट पाच दिवस. पाचव्या दिवशी दोन नोंदी : न थांबता किती मिनिटं वाजवलं आणि तिसरी तार बोटाने आडवी ओढून सूर किती चढवता आला. सतारीवर मींड घेतात तसाच हा प्रकार.

नोंदवहीतली पानं अशी :

नवा ११ चा सेट : ४ मिनिटं. सूर जेमतेम एक फ्रेट चढला.
१० चा सेट : ७ मिनिटं. एक फ्रेट सहज, दोन फ्रेट कधीमधी.
९ चा सेट : १४ मिनिटं. दोन फ्रेट चढले आणि ती ओरडली, "आई, ऐक!"

इथे मी खूश होऊन वही मिटणार होतो. पण पंधरा दिवसांत तिची बोटंही तयार झाली होती की! मग श्रेय तारेचं की सरावाचं? म्हणून जपून उतरवून ठेवलेला ११ चा सेट पुन्हा चढवला. नोंद आली ६ मिनिटं. म्हणजे सरावाने ४ चे ६ झाले, हे खरं. पण त्याच बोटांनी ९ वर १४ मिनिटं होत होती. माझं "सराव कर" अगदीच खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. आणि त्या अर्ध्या उत्तरापायी गिटार कपाटामागे गेली होती.

एक अडथळाही सांगतो. ९ चा सेट लावल्यावर पहिल्या दिवशी जाड तारा फ्रेटवर घासून झर्र-झर्र वाजायला लागल्या. मला वाटलं, बारीक तारा वाईटच. पण कारण वेगळं निघालं. ताण कमी झाल्यावर गिटारची मान किंचित मागे सरळ होते आणि तारा फ्रेटजवळ येतात. मानेच्या आत एक पोलादी सळई असते, ती जराशी फिरवून हे दुरुस्त करतात. मी स्वतः हात न लावता जाणकार कारागिराकडे नेलं. पाच मिनिटांचं काम होतं.

ब्रँडमुळे किती फरक पडतो?

हा प्रश्न शाळेतले सहकारीही विचारतात. त्यासाठी दोन्ही ब्रँडच्या ९-४२ वर तीच धून फोनवर रेकॉर्ड केली. लेकीच्या आईने सहा तुकडे नाव न सांगता ऐकवले. लेकीचे सहापैकी तीन बरोबर आले, माझे दोन. नाणं उडवलं असतं तरी एवढेच आले असते. मग जुन्या आणि नव्या तारांचे तुकडे ऐकवले. दोघांचेही सहापैकी सहा! आमच्या कानांपुरता निष्कर्ष असा, की जाडी आणि धातू सारखा असेल तर ब्रँडपेक्षा तार ताजी आहे का याने जास्त फरक पडतो. जाणकार वादकाला यापेक्षा बारीक फरक कळत असतील.

लेकीची पसंती मात्र डॅडारिओला. कारण? त्यांच्या तारांच्या टोकाची गोळी प्रत्येक तारेला वेगळ्या रंगाची असते, त्यामुळे कोणती तार कुठली ते तिला स्वतःला ओळखता येतं. मुलांची कारणं अशी असतात आणि ती चुकीची नसतात.

धातूबद्दल थोडंसं. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारेखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. पोलादी तार हलली की वेटोळ्यात वीज निर्माण होते. म्हणून नायलॉनची तार इथे मुकीच राहते. वेढा शुद्ध निकेलचा असेल तर सूर मऊ, स्टेनलेस स्टीलचा असेल तर चकचकीत, निकेल-मुलाम्याचा मधला. आपल्या कोकणातल्या पावसाळी हवेत तारा पटकन गंजतात, त्यात घामाचं मीठ. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसणं हा स्वस्त उपाय. एलिक्सरसारख्या काही ब्रँडच्या तारांवर पातळ आवरण असतं. त्या महाग, पण जास्त टिकतात.

मोठ्यांनीही हेच केलं

पूर्वी सेटमधली तिसरी तार जाड, वेढ्याची असायची. कॅलिफोर्नियात वाद्यांचं दुकान चालवणाऱ्या अर्नी बॉल यांनी पाहिलं, की नवशिक्यांना ती झेपत नाही. त्यांनी हलक्या तारांचे सेट विकायला सुरुवात केली आणि १९६२ मध्ये 'स्लिंकी' तारा आल्या. म्हणजे तो बदल दुकानात आलेल्या शिकाऊ मुलांच्या अडचणीतून झाला.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे टोनी आयोमी डावखुरे. १९६५ मध्ये कारखान्यात त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तार दाबायचा हात तोच! त्यांनी वितळवलेल्या प्लास्टिकच्या टोप्या बोटांवर बसवल्या, बँजोच्या हलक्या तारा लावल्या आणि पुढे ब्लॅक सब्बाथ बँडमध्ये जगभर वाजवलं. उलट स्टीव्ही रे व्हॉन १३ च्या जाड तारा लावायचे, पण गिटार अर्ध्या स्वराने उतरवून. आणि बिली गिबन्स ७ च्या, अगदी धाग्यासारख्या तारांवर वाजवतात. यांतली कुठली तार 'खरी'?

आपल्याकडे मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथेही वाद्य घडवताना गाणाऱ्याची पट्टी आधी विचारतात. पुरुषी तानपुरा आणि बायकी तानपुरा वेगळा, तारांची जाडी वेगळी.

वर्गात घेता येतील असे उपक्रम

१. तंगूस आणि बाटल्या : नायलॉनची तंगूस टेबलाच्या कडेवरून सोडून पाण्याची एक लिटरची बाटली टांगा. खाली दोन पेन्सिली ठेवून मधली तार छेडा. मग तशाच चार बाटल्या टांगा. ताण चौपट झाला की कंपनं दुप्पट होतात, म्हणजे 'सा' चा वरचा 'सां' होतो. मुलं टाळ्या वाजवतात!

२. अंदाज आणि माप : केस, दोरा, तंगूस, तार यांची जाडी आधी अंदाजाने लिहा, मग स्क्रू गेजने मोजा.

३. डोळे मिटून ओळखा : दोन आवाज, सहा फेऱ्या. किती बरोबर आले तर 'खरंच ओळखलं' म्हणायचं, यावर चर्चा.

सावधगिरी : ताणलेली तार कधीही कापू नये. आधी खुंटी सैल करावी. तारेची टोकं डोळ्यांपासून लांब ठेवावीत आणि कापलेले तुकडे लगेच कचऱ्यात टाकावेत.

पालकांसाठी

मूल गिटार शिकत असेल तर सेटचं पाकीट जपून ठेवा, गेज लक्षात राहतो. सुरुवातीला ९ चा सेट बरा. मुलाची पकड वाढली आणि त्याला तार फारच ढिली वाटू लागली, तर तेच १० मागेल. आमच्या लेकीने अजून मागितलेला नाही. गिटार आता कपाटामागे नसते, कॉटवर असते आणि रात्री झोपायला जागा करण्यासाठी ती उचलून ठेवावी लागते.

या सोमवारी वर्गात एक मुलगा लिहिताना फार दाबतो म्हणून मी त्याला नेहमीप्रमाणे रागावणार होतो. थांबलो. त्याची पेन्सिल हातात घेऊन लिहून पाहिलं. शिसं इतकं कडक आणि फिकं, की दाबल्याशिवाय अक्षर उमटेचना. दुसरी पेन्सिल दिली. अक्षर लगेच सुंदर झालं असं नाही, पण मधल्या सुट्टीपर्यंत त्याने हात झटकला नाही.

तुम्ही हा प्रयोग केलात तर तुमच्या नोंदी जरूर कळवा.