फोनवरचा पैसा आणि वहीतला ताळा

आता पैसा फोनवरून जातो. किराणा घ्या, खत घ्या, मुलाची फी भरा. फोन पुढे करायचा, स्कॅनर टिपायचा, आकडा घालायचा, की पैसे गेले. यूपीआय नावाची ही सोय आपल्या देशात 2016 साली सुरू झाली. सोय चांगली आहे. तालुक्याची खेप वाचते. सुट्या पैशांची अडचण पडत नाही.

पण एखादे दिवशी हेच यंत्र अडते. मग माणूस घाबरतो. त्या वेळी काय करावे, ते या धड्यात पाहू.

तात्यांचे काय झाले?

समजा, तात्या कृषी केंद्रात खत घ्यायला गेले. बिल झाले 1,840 रुपये. तात्यांनी फोनवरून पैसे सोडले. फोनवर चाक गरगर फिरत राहिले.

दुकानदार म्हणाला, "तात्या, पैसे नाही आले अजून."

"अरे, मला मेसेज आला. खात्यातून कटले की!"

"पण माझ्याकडं काही वाजलं नाही. पुन्हा एकदा पाठवा."

"मग पहिले गेले कुठं?"

"ते बँकेला विचारा, तात्या. मी काय सांगणार?"

मागे गिऱ्हाईक उभे होते. तात्यांनी पुन्हा पैसे पाठवले. या वेळी ते पोचले. घरी येऊन शिल्लक पाहिली, तर 3,680 रुपये कमी! बियाण्याला ठेवलेले पैसे गेले. तात्या कपाळाला हात लावून म्हणाले, "माझंच बोट कुठंतरी चुकलं असेल. आपण अडाणी माणसं."

आम्ही म्हणतो, तात्या, असे म्हणू नका. तुम्ही आकडा बरोबर घातला. नाव वाचून पाहिले. चूक यंत्राची आहे. ती तुम्ही आपल्या माथी का घेता?

पैसे असतात कुठे?

पुष्कळांना वाटते, पैसे फोनमध्ये असतात. तसे नाही. पैसे बँकेत असतात. फोनवरचे अ‍ॅप हा नुसता निरोप्या आहे. तुम्ही निरोप देता, "माझ्या खात्यातून इतके रुपये अमक्याला द्या." तो निरोप तुमच्या बँकेकडे जातो. तिथून मधल्या एका मोठ्या यंत्रणेमार्फत दुकानदाराच्या बँकेकडे जातो. मग पैसे पोचल्याचा निरोप उलट येतो. हे सारे काही क्षणांत होते.

या वाटेवर कुठेही खोळंबा होऊ शकतो. फोनला रेंज नसते. एखाद्या बँकेचे यंत्र बंद पडते. इकडे पैसे वजा होतात, तिकडे जमा होत नाहीत. म्हणजे पैसे नाहीसे झाले का? नाही. ते वाटेत अडकले. मनिऑर्डर वाटेत अडकावी, तसेच हे.

फोन हरवला किंवा अ‍ॅप पुसले गेले, तरी खात्यातले पैसे तिथेच राहतात. मात्र फोन हरवल्यावर बँकेला लगेच कळवावे.

मोठ्या बँकांचेही यंत्र अडते

यंत्र चुकते ते फक्त खेड्यातल्या माणसाच्या हातात, असे नाही. विलायतेतले उदाहरण पाहा. तिथे टीएसबी नावाची बँक आहे. 2018 सालच्या एप्रिल महिन्यात तिने सारी खाती जुन्या यंत्रणेवरून नव्या यंत्रणेवर नेली. तिचे ग्राहक होते 52 लाख. नवे यंत्र सुरू झाले आणि गोंधळ उडाला. सुमारे 19 लाख लोकांना आपलेच खाते उघडता येईना. कोणाला पगार काढता येईना, कोणाला बिल भरता येईना. बँकेत फोन लावावा, तर तो लागेना. सारे सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला.

शिकलेसवरलेले लोक ते. त्यांचीही तीच गत झाली. पण ते गप्प बसले नाहीत. सव्वादोन लाखांवर तक्रारी झाल्या. बँकेला ग्राहकांना 3 कोटी 27 लाख पौंड भरपाई द्यावी लागली. पुढे 2022 च्या डिसेंबरात तिथल्या देखरेख करणाऱ्या संस्थांनी बँकेला 4 कोटी 86 लाख 50 हजार पौंड दंड केला. दोष ग्राहकांचा ठरला नाही, बँकेचा ठरला.

आपल्याकडेही असे घडले आहे. एचडीएफसी बँकेची यंत्रे वारंवार बंद पडू लागली. तेव्हा 2020 च्या डिसेंबरात रिझर्व्ह बँकेने तिला हुकूम केला, की फोनवरच्या नव्या सोयी काढू नका, नवी क्रेडिट कार्डे देऊ नका, आधी घर नीट करा. हे सारे निर्बंध उठायला 2022 चा मार्च उजाडला. 2025 साली 12 एप्रिलला तर यूपीआयचीच गाडी देशभर काही तास अडखळली.

नियम काय सांगतो?

रिझर्व्ह बँकेने 2019 साली नियम करून दिला आहे. तो नीट वाचा.

1. एका माणसाने दुसऱ्या माणसाला पैसे पाठवले, ते कटले, पण पोचले नाहीत. अशा वेळी दुसऱ्या दिवसापर्यंत पैसे आपोआप परत आले पाहिजेत.

2. दुकानदाराला पाठवलेले पैसे कटले, पण त्याला पोच मिळाली नाही. अशा वेळी पाच दिवसांच्या आत परत आले पाहिजेत.

3. एटीएममधून नोटा निघाल्या नाहीत, पण खात्यातून रक्कम कटली. इथेही मुदत पाच दिवसांची.

मुदत टळली, तर पुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई बँकेने द्यायची आहे. ही मेहेरबानी नव्हे. हा ग्राहकाचा हक्क आहे.

म्हणून पैसे अडकले, तर लगेच पुन्हा पाठवू नका. थोडे थांबा. अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारापुढे काय लिहिले आहे ते वाचा. 'पेंडिंग' म्हणजे काम अजून अर्धवट आहे. फारच निकड असेल, तर रोख द्या. नाहीतर दुकानदाराला वहीत लिहून ठेवायला सांगा.

चिडलेल्या माणसाला ठग गाठतो

पैसे अडकले की जीव वरखाली होतो. माणूस फोनवरच मदतीचा नंबर शोधतो. इथेच धोका आहे. ठग लोक तिथे आपले नंबर पेरून ठेवतात. "मी बँकेतून बोलतोय, काका. तुमचे पैसे आत्ता परत देतो. फक्त आलेला आकडा सांगा," असे गोड बोलतात. आकडा सांगितला की उरलेले पैसेही जातात. टीएसबीच्या गोंधळातही ठगांनी असाच हात मारला होता.

तेव्हा पक्के ध्यानात ठेवा. बँकेचा नंबर पासबुकावर किंवा कार्डामागे असतो, तोच लावा. पिन आणि ओटीपी कोणालाही सांगू नका. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, तो देण्यासाठी लागतो. कोणी सांगितले म्हणून नवे अ‍ॅप फोनवर घेऊ नका. फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता 1930 या नंबरवर कळवा आणि बँकेलाही कळवा.

वही ठेवा, ताळा पाहा

गणितात उत्तर आले, की आपण ताळा करून पाहतो. पैशाचेही तसेच करावे. फोन आकडा दाखवील. तो खरा की खोटा, हे ताडायला आपल्याजवळ दुसरा आकडा हवा. तो आपल्या हाताने लिहिलेला असावा.

चार आण्यांची वही असे पूर्वी. आता दहा-वीस रुपयांची घ्या. तिच्यात पाच रकाने आखा : तारीख, कोणाला, किती रुपये, व्यवहार क्रमांक, शिल्लक. यूपीआयचा व्यवहार क्रमांक बारा आकडी असतो. तो अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवले की दिसतो. पैसे अडकले, तर हाच क्रमांक कामाला येतो. रोज रात्री दिव्याखाली पाच मिनिटे बसा आणि दिवसाचे व्यवहार उतरवा. अक्षर वेडेवाकडे असले तरी चालेल. आकडा स्वच्छ हवा.

महिन्यातून एकदा बँकेत जाऊन पासबुक भरून आणा. मग वही, पासबुक आणि फोन तिन्ही शेजारी ठेवून पाहा. कुठे फरक दिसला, तर त्यावर खूण करा. घरातली बाई लिहिती झाली असेल, तर हे काम तिच्याकडे जरूर द्यावे. संसाराचे आकडे तिला तोंडपाठ असतात.

अर्ज कसा लिहावा?

मुदतीत पैसे आले नाहीत, तर नुसते बोलून येऊ नका. लिहून द्या. नमुना असा :

प्रति, शाखाधिकारी साहेब,
विषय : खात्यातून कटलेली रक्कम परत मिळणेबाबत.

महोदय,
माझे आपल्या शाखेत बचत खाते आहे. खाते क्रमांक अमुक. अमुक तारखेला मी खताच्या दुकानदारास फोनवरून 1,840 रुपये पाठविले. रक्कम माझ्या खात्यातून वजा झाली. दुकानदारास ती मिळाली नाही. व्यवहार क्रमांक अमुक. आज पाच दिवस उलटून गेले आहेत. तरी चौकशी करून ती रक्कम व नियमाप्रमाणे उशिराची भरपाई माझ्या खात्यात जमा करावी, ही विनंती.
आपला नम्र, (सही)

अर्जाच्या दोन प्रती करा. एक बँकेत द्या. दुसरीवर शिक्का आणि तारीख घेऊन ती घरी ठेवा. कोणी म्हणेल, "साहेब नाहीत, उद्या या." तेव्हा शांतपणे म्हणा, "अर्ज ठेवून घ्या आणि पोच द्या."

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी 14448 हा नंबर आहे. गावातली पतसंस्था मात्र या लोकपालाच्या कक्षेत येत नाही. तिची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करावी.

अभ्यास

1. फोनवरून पाठवलेले पैसे खरोखर कोठे असतात?
2. दुकानदाराला पैसे पोचले नाहीत, तर ते किती दिवसांत परत आले पाहिजेत?
3. रक्कम पाच दिवसांऐवजी नऊ दिवसांनी परत आली. भरपाई किती मिळेल?
4. मदतीचा नंबर कोठून घ्यावा? कोठून घेऊ नये?
5. आजचे आपले व्यवहार पाच रकान्यांत लिहून वर्गात आणा. शेजाऱ्याची वही तुम्ही तपासा, तुमची त्याला तपासू द्या. पिन मात्र वहीत लिहू नका.