उशाशी ठेवलेली बॅटरी

वसई पूर्वेकडील रामदासनगरमधील एका घरात २३ सप्टेंबर २०२२ रोजी पहाटे साडेपाचच्या सुमारास स्फोट झाला. विजेवर चालणाऱ्या स्कूटरची बॅटरी रात्री घरात आणून चार्जिंगला लावली होती. त्याच खोलीत आजी व तिचा सात वर्षांचा नातू झोपले होते. आजी किरकोळ जखमांवर बचावली. मुलगा मात्र गंभीररीत्या भाजला आणि ३० सप्टेंबरला रुग्णालयात मरण पावला. बॅटरी अतिशय तापल्याने स्फोट झाला असावा, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात दिसून आले.

घरच्या माणसांना बोल लावणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. मोबाईल उशाशी ठेवून झोपणाऱ्या घराला ही बॅटरी म्हणजे एक मोठा मोबाईलच वाटते. प्रत्यक्षात साध्या स्कूटरच्या बॅटरीतही दीड-दोन युनिट वीज मावते. म्हणजे शंभराहून अधिक मोबाईल एका पेटीत बंद केल्यासारखेच ते आहे.

बॅटरी का पेटते?

या पेटीत लिथियम-आयनचे अनेक लहान सेल असतात. प्रत्येक सेलमध्ये धन आणि ऋण अग्रांच्या मधोमध प्लॅस्टिकचा अत्यंत पातळ, सच्छिद्र पडदा असतो आणि भोवती ज्वालाग्राही द्रव असतो. आदळआपट, आत शिरलेले पाणी, चुकीचा चार्जर किंवा निर्मितीतील दोष यांमुळे तो पडदा फाटला वा वितळला, की आतल्या आत शॉर्टसर्किट होते. सेल तापतो, त्या उष्णतेने शेजारचा सेल तापतो, आणि पाहता पाहता सारी पेटी पेटते. काही प्रकारच्या सेलमधून तापल्यावर प्राणवायूही बाहेर पडतो. म्हणून गोधडी टाकून ही आग विझत नाही. तिला थंड करावे लागते, आणि विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेट घेऊ शकते.

ज्वाळेइतकाच धूर घातक असतो. मार्च २०२२ मध्ये तामिळनाडूतील वेल्लोर येथे घरात चार्जिंगला लावलेली दुचाकी पेटली. वडील व मुलगी धुराने गुदमरून दगावले. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे तळमजल्यावरील शिंप्याच्या दुकानाला आग लागली. चार्जिंगला लावलेल्या दुचाकीचा संशय आरंभी व्यक्त झाला होता. कारण काहीही असो, वरच्या मजल्यावरील सात जणांचा जीव गेला तो धुराने. आग त्यांच्यापर्यंत पोहोचलीही नव्हती.

नियम आणि घर

अशा घटनांनंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. ते १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. एका सेलमधील बिघाडाने आग पसरू नये, याचाही विचार त्यांत आहे. मात्र जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत, आणि गल्लीतल्या दुकानात सेल बदलून ‘दुरुस्त’ केलेल्या बॅटरीला कोणताच नियम गाठत नाही. दोन-तीन हजार रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे.

‘रात्री चार्जिंग करू नका’ असे सांगितले जाते. ज्याच्या दारात ओसरी आहे त्याला ते सोपे. दिवसभर घरोघर सामान पोहोचवून रात्री दहाला एका खोलीत परतणाऱ्याने काय करावे? त्याने गाडी थांबवल्यावर अर्धा तास बॅटरी निवू द्यावी. मग घरातले जागे असेपर्यंतच ती लावावी. उरलेले चार्जिंग सकाळी उठल्यावर करावे. बॅटरी दाराजवळ किंवा जिन्यात मुळीच ठेवू नये, कारण आग लागली तर पळण्याची वाट तीच असते. गादी, पडदे, गॅसची शेगडी यांपासून ती दूर असावी. चार्जर गाडीबरोबर मिळालेलाच वापरावा आणि तो अर्थिंग असलेल्या भिंतीवरील प्लगमध्ये लावावा. लोंबत्या एक्स्टेन्शन बोर्डावर नको.

बॅटरी फुगली, तिला चमत्कारिक वास येऊ लागला, हात लावता येणार नाही इतकी ती तापली किंवा सुस्कारल्यासारखा आवाज आला, तर तो इशारा समजावा. शक्य असल्यास दुरूनच मेन स्विच बंद करावा. धूर निघू लागल्यावर मात्र बॅटरी उचलून बाहेर नेण्याच्या भानगडीत पडू नये. माणसे बाहेर काढावीत, दार ओढून घ्यावे, वरच्या मजल्यावर हाका माराव्यात आणि १०१ किंवा ११२ क्रमांकावर कळवताना ‘बॅटरीची आग आहे’ हे आवर्जून सांगावे.

पाठगत प्रश्न

१. गोधडी टाकूनही बॅटरीची आग का विझत नाही?
२. ‘घरच्या माणसांना बोल लावणे न्याय्य नाही’ असे पाठात का म्हटले आहे?
३. तुमच्या घरात किंवा शेजारी दुचाकी कुठे चार्ज होते ते पाहा. तिथून बाहेर पडण्याची वाट कोणती, ते चार-पाच वाक्यांत लिहा.