शाळा सुटल्यावर : दोन सुया आणि लोकरीचा गुंडा



पाच वाजता शाळा सुटते, पण डोक्यातून ती सुटत नाही. हातच्याची वजाबाकी अजून न जमलेली चार मुलं, उद्यापर्यंत भरायची ऑनलाइन माहिती, गटावर येत राहणारे मेसेज. हे सगळं आपल्याबरोबर घरी येतं. मग आपलंच मूल काही विचारायला आलं की त्याला आईबाबांऐवजी वर्गातला चढा आवाज ऐकू येतो. दिवसभर चाळीस मुलांना पुरवलेला संयम घरच्या एका मुलापर्यंत उरत नाही. म्हणून शाळा आणि घर यांच्यामध्ये एक उंबरठा हवा. माझ्यासाठी तो उंबरठा म्हणजे विणकाम.

विणकामच का?

१. काम डोळ्यांना दिसतं. आज शिकवलेलं मुलाला कधी उमगेल हे आपल्या हातात नसतं. विणकामात मात्र अर्ध्या तासात दोन बोटं तुकडा वाढतो. तो मोजता येतो.

२. दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळे मोबाइल आपोआप बाजूला राहतो.

३. चुकलं तर उसवता येतं. लोकर कुठे जात नाही. एखादा टाका निसटून खाली घसरला तरी क्रोशाच्या सुईने एकेक ओळ वर घेत तो परत सुईवर आणता येतो. मुलाच्या पाटीवरची चूकही अशीच, सगळं न पुसता, जिथे निसटलं तिथून उचलता येते.

सुरुवात कशी करायची?

मध्यम जाडीची, फिक्या रंगाची लोकर घ्या. गडद रंगात टाके नीट दिसत नाहीत. सुया ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या. लक्षात ठेवा, आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते. १२ नंबर ८ पेक्षा बारीक.

पहिला तुकडा दोन्ही बाजूंनी फक्त सुलट टाक्यांचा विणा. एक ओळ सुलट, एक ओळ उलट विणली तर कडा गुंडाळतात आणि नवशिक्याचा हिरमोड होतो. नमुन्यात १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसले, तर २० सेंटिमीटर रुंद मफलरला किती? ४४. आपण शिकवतो तीच एकमान पद्धत! पुढे टोपीची पट्टी 'दोन सुलट, दोन उलट' गोल विणायची असेल, तर टाके ४ च्या पाढ्यातले हवेत.

लोकर जमवण्याचा नाद

विणणाऱ्याला हा नाद लागतोच. दुकानात रंग निवडतानाच निम्मा शीण उतरतो. पण दोन गोष्टी पाळा. एका कामाची सगळी लोकर एकदमच घ्या. वेष्टनावर शेड नंबरबरोबर लॉट नंबरही असतो. शेड तीच असली तरी लॉट बदलला की रंगात फरक पडू शकतो आणि तो विणल्यावर उठून दिसतो. दुसरं, वेष्टन फेकू नका, गुंड्यासोबत ठेवा. खऱ्या लोकरीला कसर लागते, म्हणून ती स्वच्छ, कोरडी करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि डबा भरला की आधी विणा, मग नवी आणा. खर्च आवाक्यात राहतो.

माझ्या डब्यात दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची एक छोटी लडी आहे. आपली घोंगडी याच लोकरीची. भरड, टोचरी, मफलरला काही कामाची नाही. पण परिसर अभ्यासाच्या तासाला ती मुलांच्या हातात दिली की 'मेंढीपासून लोकर मिळते' हे पुस्तकातलं वाक्य बोटांना कळतं. शेजारी दुकानातला मऊ गुंडा ठेवा. बाजारात 'लोकर' म्हणून मिळणारे पुष्कळ गुंडे अ‍ॅक्रिलिकचे, म्हणजे कारखान्यात तयार झालेल्या धाग्याचे असतात. कोणती कुठून आली, हे मुलांनाच ओळखू द्या.

पालकांसाठी

घरातलं मोठं माणूस काहीतरी नवीन शिकतंय, चुकतंय, न चिडता उसवतंय, हे मुलांनी बघणं फार मोलाचं. 'चुकलं तरी चालतं' हे दहा वेळा सांगण्यापेक्षा ते एकदा दिसू द्या. मूल विचारेल, 'आई, एवढं सगळं उसवलंस?' तेव्हा हसून पुन्हा टाके घाला.

एक सांगते, विणकाम हे औषध नव्हे. झोपच येत नसेल, मन सतत उदास राहत असेल, तर डॉक्टरांशी बोला. आणि कामाचा बोजा खरंच जास्त असेल, तर तो शाळेच्या बैठकीत मांडायलाच हवा. सुया त्यावर उत्तर नाहीत.

विणकाम नको असेल तर भरतकाम करा, कुंड्यांतली माती उकरा. पण घरी आल्यावर पहिली वीस मिनिटं स्वतःसाठी ठेवा. यायच्या शनिवारी एक गुंडा, दोन सुया आणा आणि वीस टाके घाला. चहा झाला की रोज फक्त चार ओळी. मग मुलाला जवळ बोलवा आणि विचारा, 'आज शाळेत काय झालं?' उत्तर पूर्ण ऐकण्याइतकं डोकं तोवर रिकामं झालेलं असेल.